जावेच्या न्हाणीघरातली निळी बाटली

आमच्या घरी पाहुणे आले की आधी पाणी, मग चहा, मग माझ्या पुतण्याचे दात, असा क्रम ठरलेला होता. सासूबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसायच्या आणि हाक मारायच्या, "ये रे राजा, मावशीले दात दाखव तुझे." पोरगं धावत यायचं, मान वर करून ओठ ताणायचं, आणि पाहुणी म्हणायची, "माय वं, मोत्यासारखे आहेत." माझी मुलगी त्याच्यापेक्षा चारच महिन्यांनी मोठी. ती अशा वेळी माझ्या मागे येऊन कुर्त्याचं टोक धरून उभी राहायची. तिला कोणी दात दाखव म्हणत नसे. तिच्या वरच्या चार दातांचे काठ तपकिरी झाले होते आणि त्यातल्या दोनांचे तर नुसते खुंट उरले होते. मला त्या वेळी काय वाटायचं ते सरळच सांगते. मला त्या सहा वर्षांच्या पोराचा राग यायचा, आणि त्याच्या आईचा त्याहून जास्त.

त्याची आई म्हणजे माझी धाकटी जाऊ. नागपुरात, मनीषनगरात आमचं दुमजली घर आहे. खाली ती, दीर, त्यांचा मुलगा आणि सासूबाई. वर मी, माझा नवरा आणि आमची मुलगी. जाऊ खाप्याची, कन्हान नदीच्या काठची. बारावी झाली आणि शिवणकाम शिकली. बोलताना अजूनही गावाकडच्या बायकांसारखी 'मी येतो, मी करतो' म्हणते. मी नागपूरची, पदवीधर, आणि धंतोलीत हाडांच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. सगळ्या विदर्भातून माणसं येतात. कोणाला पत्ता सापडत नाही, कोणाला हाडांचा डॉक्टर सोडून डोळ्यांचा हवा असतो, कोणी विचारतं, मॅडम, इकडं दाताचा चांगला डॉक्टर कोण. मी सगळ्यांना सांगते. त्या गल्लीतला एकेक जिना मला पाठ आहे. आणि स्वतःच्या पोरीला मी त्यातला एकही जिना चढवला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कारण काय, तर दुधाचे दात. पडणारच आहेत, मग त्यांच्यामागे काय लागायचं. माझी आई हेच म्हणायची, सासूबाई हेच म्हणायच्या, आणि मलाही ते सोयीचं होतं. मुलगी चार वर्षांची होईपर्यंत साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपायची. मी दिवसभर खिडकीवर बसून आलेली असायचे. बाटली दिली की दहा मिनिटांत घर शांत व्हायचं. त्या शांततेची मला इतकी गरज असायची की मी बाटलीत काय आहे याचा विचार केला नाही.

जावेला मात्र वेळच वेळ. माझी मुलगी दुपारी शाळेतून यायची ती खालीच. काकूच्या हातचं जेवायची, काकूजवळ झोपायची, आणि मी संध्याकाळी दमून घरी आले की म्हणायची, "आई, थांब ना, मी काकूसोबत खेळून राहिली." ऐकून माझा जीव जळायचा. शिवाय त्या बाईचं सगळं कसं नीटनेटकं. डबे एका रांगेत, पोराची नखं कापलेली, आणि कधी आवाज चढवायची नाही. हसतानासुद्धा ओढणी तोंडावर. आठ वर्षांत मी तिला मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. मला तो नखरा वाटायचा. खाप्याहून आलीस ना बाई, मग हस की खळखळून, राजघराण्यातली असल्यासारखी काय करतेस, असं मनात यायचं. मी हसते तेव्हा कोपऱ्यावरच्या किराण्याच्या दुकानापर्यंत ऐकू जातं, असं माझा नवरा म्हणतो.

आणि मग माझी मुलगीही हसताना तोंडावर हात ठेवायला लागली. अगदी काकूसारखी, बोटं जुळवून. मी नवऱ्याला म्हटलं, "पाहिलं? नखरे शिकवून राहिली ती आपल्या पोरीले." तो म्हणाला, "काहून मागं लागली गा तिच्या?" चिडला की तो मलाही गा म्हणतो, जसा मित्रांना म्हणतो. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

त्या हिवाळ्यात शाळेत दातांची तपासणी झाली. दोघं एकाच शाळेत, एकाच वर्गात. प्रत्येकाला एक कार्ड मिळालं. त्यावर दातांच्या दोन कमानी छापलेल्या, आणि जो दात खराब त्याच्याभोवती लाल पेनानं गोल. पुतण्याचं कार्ड कोरं. सासूबाईंनी ते खालच्या फ्रिजवर चिकटवलं, अगदी येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर. माझ्या मुलीच्या कार्डावर पाच गोल होते. चार तर मला माहीतच होते. पाचवा सगळ्यात मागे, खालच्या बाजूला, आणि त्यापुढे लिहिलेलं, कायमची दाढ, लवकर दाखवा.

मला ते पटेना. सहा वर्षांच्या पोरीला कसली कायमची दाढ? तिचा अजून एक दात पडलेला नव्हता. मी शाळेत जाऊन तिच्या बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "सहाव्या वर्षी सगळ्यात मागे नवीन दाढ येते. कुठलाच दात न पडता येते, म्हणून आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. पण ती एकदाच येते. गेली की गेली." मी घरी आले, मुलीला खिडकीपाशी नेलं, तिचं तोंड मोबाईलच्या उजेडात पाहिलं. मागे खरंच एक मोठी दाढ होती, आणि तिच्या मधोमध काळा ठिपका. आयुष्यभर चावायची दाढ, येऊन चार महिने झाले नसतील, आणि मी तिचीही वाट लावायला घेतली होती.

कोणी शहाणी बाई असती तर दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन डॉक्टरकडे गेली असती. माझ्या खिडकीपासून दाताचा दवाखाना दोन इमारती सोडून आहे. पण डॉक्टर विचारणार, इतके दिवस काय करत होता. आणि घरी कळणार. खालच्या फ्रिजवर ते कोरं कार्ड, आणि वरच्या मजल्यावर आम्ही डॉक्टरच्या पायऱ्या झिजवतो आहोत, हे चित्र मला सहन होईना. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ठरवलं की आधी महिनाभर आपणच जोर लावू, ठिपका वाढू द्यायचा नाही, आणि मग डॉक्टरकडे गेलोच तर डॉक्टरच म्हणेल की आई फार काळजी घेते. जावेला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. विचारलं असतं तर तिनं पाच मिनिटांत सांगितलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही.

विचारलं नाही, पण पाहायला लागले. चोरून. रात्रीची जेवणं झाली की मुलीला आणायच्या निमित्तानं मी खाली जायचे आणि न्हाणीघराच्या दाराशी घुटमळायचे. जाऊ मुलाला स्टुलावर बसवून स्वतः त्याचे दात घासायची. ब्रशवर पेस्ट इतकी थोडी की मला हसू यायचं, वाटाण्याएवढी. कंजूषपणा, दुसरं काय. आणि मग जे व्हायचं ते पाहून तर मी नाकच मुरडलं. पोरगं बेसिनमध्ये थुंकायचं, रुमालानं तोंड पुसायचं आणि सरळ बाहेर यायचं. चूळ नाही.

आमच्या घरी चूळ म्हणजे संस्कार होता. माझे वडील अंगणात नळाखाली बसवून मोजून दहा चुळा भरायला लावत. गालातून पाणी खळखळलं पाहिजे आणि शेवटची चूळ तुळशीच्या पलीकडं गेली पाहिजे. तोंडात पेस्टची चव उरली तर म्हणायचे, जा, परत भर. आणि इथं हे पोर तोंडात फेस ठेवून झोपायला निघालं. मी वर येऊन नवऱ्याला सांगितलं, "मोत्यासारखे दात म्हणे. चूळसुद्धा भरू देत नाही पोराले, अस्सल गबाळं काम." फार दिवसांनी मला गाढ झोप लागली.

पण मग दात चांगले कसे, हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर मला दोन दिवसांनी सापडलं. जाऊ स्वयंपाकघरात होती, मी हात धुवायला म्हणून आत गेले आणि आरशामागचं कपाट उघडलं. दुसऱ्याचं कपाट उघडू नये हे मला कळतं. उघडलं. टॉवेलाच्या घडीमागे एक मोठी निळी बाटली होती, माऊथवॉशची, अर्धी संपलेली. मागे लपवून ठेवलेली, बरं का. म्हणजे बाहेरून साधेपणा, ओढणी, वाटाण्याएवढी पेस्ट, आणि आतून हे. कोणाला सांगायला नको, कोणाच्या पोराचे दात चांगले व्हायला नकोत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मेडिकलमधून मी तीच बाटली आणली, पण तिच्याहून मोठी.

मग आमचा कार्यक्रम सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ, ब्रश भरून पेस्ट, माझ्या देखरेखीत दहा चुळा, आणि वर झाकणभर निळं पाणी. पहिल्या दिवशी मुलीनं ते तोंडात घेतलं आणि तिचे डोळे पाण्यानं भरले. "आई, झोंबते." मी म्हटलं, "झोंबते म्हणजे काम करते. कीड मरून राहिली तुझी. थांब, वीस आकडे मोज." ती मोजायची. तोंड बंद, गाल फुगलेले, बोटांवर मोजायची, आणि मधेच घशातून आवाज यायचा. मला वाटलं गुळण्या करते. ती गिळत होती. तोंडात धरवत नव्हतं आणि थुंकलं तर मी रागावत होते, म्हणून पोरीनं गिळायचा मार्ग काढला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त ठिपका पाहत होते, रोज, मोबाईलच्या उजेडात. तो वाढलाय की तेवढाच आहे ते समजायचं नाही.

साधारण दोन आठवडे गेले असतील. एका रविवारी सकाळी मुलगी न्हाणीघरात इतकी रडली की आवाज खाली गेला. सासूबाई जिन्याखालून ओरडल्या, "काहून रडून राहिली वं पोरगी?" मी उत्तर द्यायच्या आत जाऊ वर आलेली. मुलगी तिला बिलगली आणि म्हणाली, "काकू, माझं पोट दुखते, मले ते निळं पाणी नको." मी बाटली मागे सरकवायला गेले, पण ती काही कुंकवाची डबी नव्हती. जावेनं पाहिली.

"ताई, हे लेकराले देता तुम्ही?"

मला पकडल्यासारखं झालं आणि मी पकडलेला माणूस करतो तेच केलं, उलटून बोलले. म्हटलं, "तू देतेस ते चालते, मी दिलेलं नाही चालत? तुझ्याच कपाटात पाहिली मी. टॉवेलाच्या मागं."

जावेनं मुलीला जवळ ओढलं. मग तिनं जिन्याकडं पाहिलं, सासूबाई ऐकत नाहीत ना म्हणून, आणि आवाज अगदी खाली आणला. "ती माझ्या पोराची नाही, ताई. ह्यांची आहे. खर्रा सोडला म्हणून आईची शपथ घेतली न ह्यांनी, सुटला नाही तो. गेटवर खर्र्याची पन्नी फेकतात आणि आत येऊन आधी त्या बाटलीनं तोंड धुतात. आईले वास नाही आला पाहिजे म्हणून. मीच लपवून ठेवतो ती."

खरं सांगू? मला आधी आनंद झाला. निव्वळ, उघडा आनंद. त्या टापटीप घरात एक भोक सापडलं होतं, खर्र्याचं, सुपारी-तंबाखूच्या भुकटीचं, आणि ते मीच शोधलं होतं. तो आनंद किती वेळ टिकला? मुलीनं माझ्याकडं पाहिलं तेवढाच वेळ. तिचे ओठ लाल झाले होते, आणि दिराच्या खर्र्याचा वास मारायचं औषध मी तिला दोन आठवडे पाजत होते.

जाऊ म्हणाली, "लहान लेकरं पिऊन घेतात ना ते. सहा वर्षांच्या आत तर द्यायचंच नाही म्हणते डॉक्टरीण, नंतरही तिनं सांगितलं तरच. उद्या चला, मी येतो सोबत."

मी म्हटलं, "कोणती डॉक्टरीण?"

"धंतोलीतली. तुम्हीच तर पत्ता दिला होता."

मला आठवेना. मग तिनं आठवण करून दिली. तिचा मुलगा दीड वर्षाचा असताना ती माझ्याकडं आली होती आणि म्हणाली होती, ताई, तुमच्या तिकडं दाताचा चांगला डॉक्टर सांगा, याचे दात दाखवून आणतो. मी पत्ता सांगितला. तिनं असंही विचारलं होतं की तुमच्या बाळीलाही नेऊ का सोबत. आणि मी हसले होते, माझं ते कोपऱ्यापर्यंत ऐकू जाणारं हसू. म्हटलं होतं, दुधाचे दात कोण दाखवतं गं, रिकामपणाचे उद्योग. तिनं परत विचारलं नाही. मीही विसरले. हे ऐकल्यावर मला जे वाटलं त्याला हेवा म्हणत नाहीत, पण तेही त्याच जागी दुखतं.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीवर रजा टाकली आणि आम्ही तिघी धंतोलीत गेलो. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. जावेला नावानं ओळखत होत्या. मला त्यांनी दिनक्रम विचारला आणि मी तो जरा ताठ मानेनंच सांगितला, दहा चुळांसकट. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "पेस्टमध्ये फ्लोराइड असतं, ते दातावर राहिलं तर काम करतं. तुम्ही दहा चुळा भरून ते सगळं धुऊन टाकता, आणि वरून माऊथवॉश देऊन उरलंसुरलंही. नुसतं थुंकायला लावा. पेस्ट वाटाण्याएवढी. घासायचं तुम्ही, तिनं नाही, अजून वर्ष-दोन वर्षं. आणि रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही."

वाटाण्याएवढी पेस्ट. नुसतं थुंकायचं. म्हणजे त्या न्हाणीघराच्या दारात मी सगळं बघितलं होतं. ज्याला नाक मुरडलं ते खरं होतं आणि जे चोरून उचललं ते खर्र्याचं होतं. जाऊ शेजारी बसलेली, मान खाली. तिनं एकदा माझ्याकडं वर पाहिलं असतं, जरा जिंकल्यासारखं, तर मला बरं वाटलं असतं. भांडायला काहीतरी मिळालं असतं.

मग मुलीला खुर्चीत बसवलं, आणि तिनं तोंड उघडलं नाही.

डॉक्टरीणबाई गोड बोलल्या. नर्सनं फुगा दिला. मी समजावलं, मग दटावलं, मग हात जोडले. मुलगी दोन्ही हात तोंडावर घट्ट धरून बसली, बोटं जुळवून. दोन आठवडे माझ्या हातून तिच्या तोंडात जे गेलं होतं त्यानंतर ती माझ्यावर विश्वास का ठेवेल? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली नसेल तर आज साफ करून भरता येईल. वेळ गेला तर मग कठीण होईल. पण जबरदस्ती मी करणार नाही." बाहेर दुसरे पेशंट थांबले होते. मी पोरीच्या हाताकडं बघत होते आणि त्या हातामागे ती एक दाढ होती.

जाऊ उठली. तिनं ओढणी गळ्यातून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. मुलीच्या समोर गुडघ्यांवर बसली, आणि तोंडात दोन बोटं घालून वरून काहीतरी सोडवलं. तिच्या तळहातावर तीन दात होते, गुलाबी तुकड्यावर बसवलेले, एक छोटी कवळी. मग तिनं तोंड उघडलं, पूर्ण, दिव्याखाली. वर डावीकडं नुसती हिरडी. खाली दोन्ही बाजूंना मागे काहीच नव्हतं.

"पाह्य बेटा," ती म्हणाली. दात काढल्यामुळे तिचे शब्द हवेसारखे निसटत होते. "माझ्या आईचं गोळ्या-बिस्किटांचं दुकान होतं घरातच. रडलो की गोळी. दाढ दुखली तर सगळे म्हणे, दुधाची आहे, पडते. पडली नाही ती. काढावी लागली. मग दुसरी काढली, मग तिसरी. मले कोणी इथं आणलं नाही, बेटा. तुले आणलं आहे तुझ्या आईनं. उघड."

मुलीनं एक हात खाली घेतला आणि एका बोटानं काकूच्या हिरडीला हात लावून पाहिला. मग दुसरा हात खाली घेतला. तोंड उघडलं.

मी कोपऱ्यात उभी होते. आठ वर्षं एका घरात राहून, एका चुलीवर सण करून, मला माहीत नव्हतं. मी त्या बाईच्या कपाटात डोकावले होते, तिच्या पोराच्या तोंडात डोकावले होते, तिची पेस्ट किती ते मोजलं होतं. तिच्या तोंडाकडं मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

कीड दाढेच्या नसेपर्यंत पोचली नव्हती. साफ करून दाढ भरली, इतर कोपऱ्यांतल्या तशाच तीन नवीन दाढांवर पुढच्या खेपेला कीड टाळणारा लेप लावायचं ठरलं. पुढचे खुंट दुखत नव्हते, ते पडेपर्यंत तसेच राहणार होते. परत येताना रिक्षात मुलगी आमच्या मधे बसून झोपली, डोकं काकूच्या मांडीवर. पाय माझ्याकडं. अजनी चौकात सिग्नलला मी म्हटलं, "आठ वर्षांत सांगितलं नाहीस मला."

ती बाहेर बघत म्हणाली, "काय सांगू, ताई? लग्न होऊन आलो तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही कशावर तरी हसल्या. सगळे दात दिसले तुमचे. इतकं मोठ्यानं हसू आलं की सगळं घर हसलं. मले लय हेवा वाटला तुमचा. अजूनही वाटते. ह्या पोरीनं तोंडावर हात ठेवणं माझ्यापासूनच उचललं, हे मले दिसे. म्हणून मी तिच्यासमोर हसणंच कमी केलं." सिग्नल सुटला. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर तिले थोडे दिवस वरच ठेवा."

हेच तर मला कित्येक वर्षं हवं होतं. पोरगी वर, माझ्याजवळ, काकूपासून लांब. आणि आता ती स्वतःच देत होती तर माझ्यानं घेववेना. मी म्हटलं, "गप बस वं."

आता रात्री जेवण झालं की मीच मुलीच्या हातात ब्रश देऊन तिला खाली नेते. दोघं पोरं एका स्टुलावर दाटीनं बसतात, जाऊ एकाचे घासते, मी एकीचे. थुंकायचं, पुसायचं, निघायचं. चूळ भरायला माझा हात अजून नळाकडं जातो. निळी बाटली मी कचऱ्यात टाकली. दिराची आहे की गेली ते मी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात सासूबाईंची बहीण आली होती. पाणी झालं, चहा झाला, आणि सासूबाईंनी हाक मारली, "ये रे राजा, मावशीआजीले दात दाखव." पुतण्या उठायच्या आत माझी मुलगी पुढं गेली. कोणी बोलावलं नव्हतं. मावशीच्या गुडघ्याला टेकून तिनं आ केला, इतका मोठा की पुढचे खुंट, तपकिरी काठ, सगळं दिसलं, आणि बोट आत घालून म्हणाली, "पुढचे नका पाहू, ते पडणार आहेत. मागची पाहा. ती भरलेली आहे. ती मेल्यावरच निघणार." मावशी खरंच वाकून पाहायला लागली. मला हसू फुटलं, नेहमीचं, दुकानापर्यंतचं. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली जाऊही हसली आणि सवयीनं तिचा हात तोंडाकडं गेला. मुलगी धावत गेली, तिनं काकूचा तो हात मनगटाशी धरला आणि खाली ओढला, आणि तसाच धरून तिच्याजवळ उभी राहिली. मी सोफ्यावर हसत होते. माझ्याकडं ती आली नाही. मला जळलं, थोडं जळलंच, पण हसणं मी थांबवलं नाही, कारण जाऊ माझ्याकडं बघून तोंड उघडं ठेवून हसत होती.